वाईट बातमी वेळेवर कळावी म्हणून: आरोग्यसेवेत परिणामकारक नेतृत्व कसे करावे

रुग्णालयात विभागप्रमुख, मेट्रन, इन्चार्ज सिस्टर किंवा वैद्यकीय अधीक्षक या पदांवर बहुतेक माणसे आपल्या मूळ कामातल्या कौशल्यामुळे पोहोचतात. हात सफाईदार असलेला सर्जन विभागाचा प्रमुख होतो, सापडायला अवघड अशी शीर पहिल्या प्रयत्नात शोधणारी परिचारिका वॉर्डची इन्चार्ज होते, आणि पहिल्या महिन्यातच दोघांच्याही लक्षात येते की ज्या कौशल्याचे आजवर कौतुक झाले ते या खुर्चीत फारसे कामाला येत नाही. रुग्ण बरा होणे आता अशा वीस-तीस जणांच्या हाती असते, ज्यांतल्या कित्येकांशी तुमची दिवसभरात भेटसुद्धा होत नाही. अशा ठिकाणी नेता परिणामकारक आहे की नाही हे कसे ओळखावे? मी एकच कसोटी लावतो. विभागात काहीतरी बिघडते आहे ही बातमी त्याच्यापर्यंत किती लवकर पोहोचते आणि ती आणणाऱ्याला त्यासाठी काय सोसावे लागते, एवढेच मी पाहतो. पुढे जे काही सुचवले आहे ते या कसोटीवर उतरण्यासाठी आहे.

एक रात्र डोळ्यांसमोर आणा. दोन वाजले आहेत. दुपारी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या, ६० किलो वजनाच्या रुग्णाच्या लघवीच्या पिशवीत गेल्या चार तासांत जेमतेम ४० मिलिलिटर लघवी जमली आहे. ढोबळ हिशेबाने तासाला निदान ३० मिलिलिटर, म्हणजे आतापर्यंत १२० तरी जमायला हवी होती. ड्यूटीवरची सिस्टर पिशवी उचलून उजेडाकडे धरते, नळीला कुठे पीळ पडला नाही ना ते पाहते, नाडी मोजते; ती संध्याकाळपेक्षा बरीच वाढलेली आहे. काहीतरी बरोबर नाही हे तिला कळते आणि ती फोन हातात घेते. तेवढ्यात गेल्या आठवड्यातला फोन तिला आठवतो. त्या वेळी पलीकडून आवाज आला होता, "एवढ्यासाठी मला उठवलंत?" ती फोन खाली ठेवते, चार्टवर आकडा लिहिते, सकाळी राउंडला सांगू असे मनाशी ठरवते आणि पुढच्या खाटेकडे वळते. सकाळच्या राउंडपर्यंत सहा तास निघून गेलेले असतात.

चौकशी झालीच तर ती या रात्रीची होईल. सिस्टरने का कळवले नाही, असे विचारले जाईल आणि तिच्याकडून लेखी खुलासा घेतला जाईल. खरी चूक मात्र आठवडाभर आधी, त्या फोनवर झालेली असते आणि ती कोणत्याही चार्टवर सापडत नाही. म्हणून सुरुवात फोनपासून करावी.

फोन आला की

रात्री फोन आला की तुमचे पहिले वाक्य ठरलेले असू द्या. "फोन केलात ते बरे केले, सांगा." फोन खरोखरच गरजेचा होता की नव्हता याचा या वाक्याशी काहीही संबंध ठेवू नये. तो अनावश्यक असेल तर दुसऱ्या दिवशी, दिवसाउजेडी, एकटे गाठून शांतपणे बोलता येते. रात्री दोन वाजता आवाज चढवला तर ती गोष्ट त्या एका व्यक्तीपुरती राहत नाही. सकाळच्या हँडओव्हरमध्ये ती सगळ्या वॉर्डला कळते आणि पुढचे कित्येक महिने सगळेजण त्यावरून आपले वागणे ठरवतात. तुम्ही दहादा नीट बोललात तरी अकराव्या वेळचे खेकसणेच लोकांच्या लक्षात राहते. हे अन्यायाचे वाटेल, पण माणसांची स्मरणशक्ती अशीच असते आणि नेत्याने ती गृहीत धरून चालावे.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगले नेतृत्व असलेल्या गटांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, परंतु आकडे उलटे आले: त्या गटांतच चुकांच्या नोंदी अधिक होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या गटांतली माणसे चुका मोकळेपणाने सांगत होती, तर इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. विभागाची सूत्रे हाती घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत चुकांच्या नोंदी वाढल्या तर घाबरून जाऊ नका आणि वरिष्ठांनाही ही गोष्ट आधीच समजावून ठेवा. महिनोन्महिने एकही नोंद येत नसेल, तर मात्र झोप उडायला हवी.

मोकळेपणा नुसता सांगून येत नाही, त्याला आधार लागतो. पहिला आधार म्हणजे कोणत्या परिस्थितीत कळवायचेच याची लेखी यादी. नाडी, श्वासाचा वेग, रक्तदाब, ऑक्सिजनची पातळी, लघवीचे प्रमाण यांच्या मर्यादा ठरवून त्या वॉर्डात लावाव्यात आणि मर्यादा ओलांडली की फोन करणे हे कर्तव्य मानावे. मग कळवावे की नाही हा निर्णय रात्री एकट्या पडलेल्या कनिष्ठाला घ्यावा लागत नाही. यादीत शेवटचा एक मुद्दा जरूर ठेवावा: आकडे ठीक असूनही रुग्णाविषयी काळजी वाटत असेल, तरी कळवावे. अनुभवी परिचारिकेला रुग्ण पाहताक्षणी जे जाणवते ते यंत्राच्या पडद्यावर बऱ्याचदा नंतर उमटते.

दुसरा आधार म्हणजे बोलण्याची ठरलेली रीत. अमेरिकी नौदलात रुजलेली आणि नंतर रुग्णालयांनी उचललेली ‘एसबार’ पद्धत यासाठी फार उपयोगी आहे. आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपला अंदाज आणि शेवटी काय हवे ते सांगायचे. वरच्या प्रसंगातली सिस्टर म्हणाली असती, "सर, सहा नंबरच्या रुग्णाची लघवी कमी झाली आहे, चार तासांत फक्त ४० मिलिलिटर. दुपारी आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे. नाडी ११८ आहे, नळी मोकळी आहे. मला वाटते आतून रक्तस्राव होत असावा किंवा शरीरात द्रव कमी पडतो आहे. तुम्ही येऊन पाहावे असे मला वाटते." या पाच वाक्यांतले शेवटचे सर्वांत अवघड असते, कारण कनिष्ठाने वरिष्ठाला काय करावे हे सुचवायचे असते. ते कुणी टाळले तर तुम्हीच विचारा, "तुम्हाला काय वाटते?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा.

खुर्ची सोडून फिरणे

कार्यालयात येणारी माहिती गाळून येते. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ती थोडी गोड करतो, आणि यात कुणाचा दुष्टपणा असतो असेही नाही. म्हणून आठवड्यातून ठरलेल्या वेळी वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, औषध भांडार, निर्जंतुकीकरण कक्ष अशा जागी स्वतः जावे आणि महिन्यातून एकदा तरी रात्रपाळीत जावे. सोबत लवाजमा नसावा. "सगळे ठीक ना?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण त्याचे उत्तर कायम "हो" असेच येते. त्याऐवजी नेमके विचारावे: आज कोणती वस्तू शोधण्यात वेळ गेला, पुढचा रुग्ण इथे कशामुळे दगावू शकेल असे तुम्हाला वाटते, कालच्या पाळीत कुणाला मदत हवी होती आणि मिळाली नाही. दुसरा प्रश्न अंगावर येणारा आहे, तरीही तो विचारावा. त्याची उत्तरे बहुधा तयारच असतात, कुणी विचारण्याची वाट पाहत असलेली.

जे सांगितले गेले ते वहीत लिहावे आणि आठवड्याच्या आत त्याच माणसाकडे परत जाऊन काय झाले ते सांगावे. काम झाले नसेल तरी जावे आणि का झाले नाही ते सांगावे. ही परतफेरी चुकली तर फिरण्याचा सगळा उद्योग लोकांना देखावा वाटू लागतो.

यातून केवढे काम होऊ शकते याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात घडले. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे रक्तात होणारा जंतुसंसर्ग कमी करण्यासाठी पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत पाच साध्या गोष्टींवर भर दिला: हात धुणे, नळी घालताना पूर्ण निर्जंतुक आवरणे वापरणे, त्वचा क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपलेली नळी काढून टाकणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असली की एक नळी-दिवस) संसर्गाचे सरासरी प्रमाण दीड वर्षात ७.७ वरून १.४ वर आले. या पाच गोष्टी डॉक्टरांना आधीही माहीत होत्या. फरक पडला तो नेतृत्वाने केलेल्या दोन कामांमुळे, असे मला वाटते. एक तर लागणारे सगळे सामान एकाच ट्रॉलीवर मिळेल अशी सोय केली गेली, त्यामुळे घाईत एखादी गोष्ट गाळण्याचे कारण उरले नाही. दुसरे म्हणजे एखादी पायरी चुकली तर परिचारिकेने डॉक्टरला थांबवायचे, हा अधिकार तिला स्पष्टपणे देण्यात आला. असा अधिकार देताना नेत्याने एक गोष्ट आधीच ठरवलेली असावी लागते: ज्या दिवशी एखादे नावाजलेले डॉक्टर चिडून तक्रार घेऊन येतील, त्या दिवशी आपण परिचारिकेच्या पाठीशी उभे राहणार आहोत. ती वेळ एकदाच येते, पण तेव्हा कच खाल्ली तर तो अधिकार कागदावरच राहतो.

चूक झाल्यावर

क्रम पक्का असावा. आधी रुग्ण, मग नातेवाईक, मग ज्याच्या हातून चूक झाली तो कर्मचारी, आणि त्यानंतर कारणांचा शोध. घाबरलेले विभागप्रमुख हा क्रम उलटा करतात आणि पहिला फोन स्वतःच्या बचावासाठी लावतात.

नातेवाइकांशी बोलायला कनिष्ठ डॉक्टरला पाठवू नये. स्वतः जावे, शांत खोलीत बसून बोलावे, मोबाइल बंद ठेवावा. काय घडले ते सोप्या भाषेत सांगावे, जे अजून कळलेले नाही ते कळलेले नाही असे म्हणावे, आणि चूक झाली हे स्पष्ट असेल तर "आमची चूक झाली, आम्हाला याचे मनापासून वाईट वाटते" हे शब्द उच्चारावेत. "दुर्दैवाने गुंतागुंत निर्माण झाली" असल्या वाक्यांमागे लपू नये, ती लपवाछपवी समोरच्याला लगेच ओळखू येते. उठण्यापूर्वी पुढची भेट कधी होईल ते दिवस आणि वेळेसह सांगावे आणि सांगण्यासारखे नवे काही नसले तरी त्या वेळी हजर राहावे.

कर्मचाऱ्याशी बोलताना तीन गोष्टींत फरक करावा लागतो. अनवधानाने झालेली चूक, सगळेच घेतात म्हणून घेतलेला आडमार्ग, आणि धोका दिसत असूनही जाणूनबुजून केलेली बेपर्वाई. पहिल्या प्रकारात धीर द्यावा, दुसऱ्यात आडमार्ग का घ्यावा लागतो ते शोधून समज द्यावी, आणि शिस्तभंगाची कारवाई तिसऱ्यासाठी राखून ठेवावी. परिणाम किती भयंकर झाला यावर शिक्षा ठरवण्याचा मोह फार होतो, तो आवरावा; एकाच चुकीने एक रुग्ण वाचतो आणि दुसरा दगावतो, तेव्हा दोन्ही कर्मचाऱ्यांचे वर्तन सारखेच असते.

पोटॅशियम क्लोराइडचे उदाहरण घ्या. ते पातळ न करता शिरेत वेगाने गेले तर हृदय बंद पडू शकते. त्याच्या कुप्या सलाईन किंवा निर्जंतुक पाण्याच्या कुप्यांसारख्या दिसत आणि वॉर्डच्या कपाटात त्यांच्याच शेजारी ठेवलेल्या असत, त्यामुळे अनेक देशांत मृत्यू झाले. लेबल नीट वाचा अशी सूचना हजारदा देऊनही मध्यरात्री, अंधूक उजेडात, चौथ्या रुग्णाचे इंजेक्शन भरणाऱ्या हाताकडून ही चूक होऊ शकते. यावर उपाय निघाला तो कपाटावर. तीव्र द्रावणाच्या कुप्या सर्वसाधारण वॉर्डातून काढूनच टाकल्या गेल्या आणि औषध विभागातून तयार पातळ द्रावण येऊ लागले. तुमच्या विभागातली कोणतीही चूक तपासताना याच पद्धतीने विचार करावा: उद्या याच जागी दुसरी, तितकीच प्रामाणिक आणि दमलेली व्यक्ती असती तर तिच्या हातून हेच घडले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर माणूस बदलून काहीही साधणार नाही.

बदल रुजवताना

बरोबर असणे पुरेसे नसते, हे एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या आयुष्याइतके कुठेच ठळक दिसत नाही. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात डॉक्टर आणि विद्यार्थी जिथे बाळंतपणे करत त्या विभागात मातांचे मृत्यू सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक होते. शवविच्छेदन करून थेट प्रसूतीसाठी येणाऱ्या हातांवर सेमेलवाइस यांचा संशय गेला आणि १८४७ च्या मे महिन्यात त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होते, जूनमध्ये ते सुमारे २ टक्क्यांवर आले. इतका लख्ख पुरावा हाती असूनही त्यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत सर्वमान्य झाले नाही. जंतूंचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता, हे त्याचे एक कारण. पण त्यांनी आपला सविस्तर ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे चौदा वर्षांनी, आणि विरोधकांना उघड पत्रांतून खुनी ठरवले. १८६५ मध्ये मनोरुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याविषयी वाचताना मला दरवेळी हळहळ वाटते. ज्या डॉक्टरांना हात धुवायला लावायचे होते त्यांना आधी, तुमच्या हातांनी माता मेल्या, असे कबूल करायला लावले गेले. ते ज्यांना पेलले नाही त्यांनी पुराव्याकडेच पाठ फिरवली.

तुम्हाला जेव्हा जुनी पद्धत बदलायची असेल, तेव्हा ती पाळणाऱ्यांना माघार घेताना अपमान वाटणार नाही अशी वाट ठेवा. सर्वांत कडव्या विरोधकाला आधी एकटे भेटा आणि त्याची हरकत त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. निम्म्या वेळा त्यात तथ्य असते. सुरुवात एका वॉर्डात, एका पाळीत, थोड्या दिवसांसाठी करा, निकाल पाहा, सुधारा आणि मगच पुढे जा.

घाईने लादलेल्या बदलाचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात सरसकट १०१ रुग्णालयांत तिचा अवलंब झाला, तेव्हा २०१४ च्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्क्यांवर आलेले दिसले, म्हणजे लक्षणीय म्हणता येईल असा फरक आढळला नाही. या तफावतीच्या कारणांवर तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु शस्त्रक्रियागृहात उभे राहिलेल्या कुणालाही एवढे ठाऊक असते की एकाच यादीवर दोन तऱ्हांनी खुणा होतात. एका ठिकाणी सर्जन हातातले काम थांबवतो, प्रत्येकजण आपले नाव आणि काम सांगतो, रुग्णाचे नाव व शस्त्रक्रियेची बाजू मोठ्याने म्हटली जाते. दुसऱ्या ठिकाणी त्वचेवर छेद गेल्यानंतर कोपऱ्यात कुणीतरी सगळ्या चौकटी भरून टाकतो. यादीतला नावे सांगण्याचा मुद्दा पोरकट वाटतो म्हणून आधी तोच गाळला जातो. माझ्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा आहे, कारण ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडले आहे त्याला नंतर "थांबा, बाजू चुकते आहे" असे म्हणणे सोपे जाते.

आकड्यांविषयी थोडेसे

मोजण्यासारखे शेकडो आकडे असतात; तीन-चारच निवडा, आणि ते रुग्णाच्या भल्याशी थेट जोडलेले असू द्या. महिन्यामहिन्याची तुलना फसवी असते. एकच आलेख भिंतीवर लावावा, त्यात मध्यक (ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे आकडे असतात तो) दाखवावा, आणि बिंदू वर-खाली झाला की लगेच शाबासकी किंवा कानउघाडणी करू नये. मध्यकाच्या एकाच बाजूला सलग सहा बिंदू आले तर खरा बदल झाला असण्याची शक्यता मोठी. इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशायर इथल्या रुग्णालयाच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला, त्यात २९० शिफारशी होत्या. तिथल्या संचालक मंडळाचे लक्ष जमाखर्चाकडे आणि वरून ठरवून दिलेल्या उद्दिष्टांकडे लागले होते, आणि रुग्णांच्या व कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या जात नव्हत्या. म्हणून बैठकीची सुरुवात आलेखाने न करता एका रुग्णाच्या हकिगतीने करावी, आणि शक्य असेल तेव्हा ती त्या रुग्णानेच येऊन सांगावी.

स्वतःकडे पाहताना

तुम्ही थकलेले असाल तर चिडाल, आणि चिडलात तर फोन येणे बंद होईल, म्हणून स्वतःची विश्रांती हाही रुग्णसुरक्षेचाच भाग समजावा. तरीही कधीतरी तोल जाईलच. तसे झाले तर त्याच दिवशी, ज्यांच्यासमोर आवाज चढवला त्यांच्यासमोरच माफी मागावी. केबिनमध्ये बोलावून एकट्याकडे मागितलेली माफी बाकीच्यांपर्यंत पोहोचत नाही. दोन विश्वासातली माणसे अशी निवडावीत, त्यांतले एक तुमच्यापेक्षा पदाने बरेच खालचे असावे, आणि दर महिन्याला त्यांना विचारावे की माझ्यामुळे या महिन्यात कोणती गोष्ट सांगायची राहून गेली. पहिल्या दोन-तीन वेळा "काही नाही" असे उत्तर येईल. तरी विचारत राहावे.

आणि वर्षातून एकदा पूर्ण आठवड्याची रजा घ्यावी. निर्णय कुणी घ्यायचे ते नावानिशी लिहून द्यावे, फोन बंद ठेवावा, आणि परत आल्यावर तुमच्या जागी काम पाहणाऱ्याला घेऊन बसावे. मी असतो तर जो निर्णय वेगळा घेतला असता तो कोणता, आणि तो तुम्ही तसा का घेतलात, एवढेच विचारावे. उत्तर ऐकताना वही उघडी ठेवावी आणि मध्ये बोलू नये.